समुद्रातलं कुरण

आमच्या वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात भाजीची, मिरची-मसाल्याची दुकानं संपली, की वाऱ्याच्या खालच्या अंगाला सुकटीची पालं लागतात. पालं दिसायच्या आधी वास येतो. गोणपाटावर जवळ्याची रास, शेजारी सोडे, एका बाजूला काडीसारखे कडक झालेले बोंबील. मृगाच्या आधी इथं गर्दी असते. पेरणीच्या घाईत भाजी आणायला कुणाला वेळ? मग तव्यावर भाजलेला बोंबील, लसणाची चटणी आणि ज्वारीची भाकर.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाचा. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत धरला तरी साडेचारशे किलोमीटर. समुद्राशी आमचा संबंध विचाराल, तर लोक या बोंबलाकडे बोट दाखवतील. पण दुसराही एक आहे. वाशीम जिल्ह्याचं पाणी दोन समुद्रांत वाटलं जातं. काटेपूर्णा इथं उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. अडाण आणि पूस पैनगंगेला मिळतात, आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोचतं. शेजारशेजारच्या दोन शिवारांत पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांना जातो. तेव्हा समुद्राचं काय चाललंय, हे विचारायला मला किनाऱ्यावर जन्म घ्यायची गरज वाटली नाही.

विचारायचं निमित्त मात्र गावातलंच होतं. आमच्याकडे कुरण राखायची पद्धत जुनी. पावसाळा लागला की गवताळ पट्ट्यात गुरं सोडायची नाहीत. गवत कमरेला लागलं, बी धरून झडलं, की मग कापणी. कुठे वाटणी, कुठे हर्रास. राखलेल्या कुरणात पुढच्या वर्षीही गवत येतं आणि न राखलेल्यात तरोटा माजतो, हे पोराटोरांना कळतं. समुद्रातही असं कुरण राखता येतं का? राखलं तर त्याचा राखणदार कोण? आणि गवत कुणाच्या गुरांना? या तीन प्रश्नांची उत्तरं शोधत मी मालवणला गेलो, कारण महाराष्ट्राचं पहिलं सागरी अभयारण्य तिथं आहे.

रेघ कुठे आहे?

मालवणच्या जेटीवर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग. १६६४च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात केली. आत आजही काही कुटुंबं राहतात. किल्ल्याच्या तटाला लाटा आपटतात आणि आजूबाजूला पाण्यातून काळी खडपं डोकं वर काढतात. भरतीला ती दिसत नाहीत, ओहोटीला दिसतात. गुरं जशी तळ्यात बसावीत, तशी.

हे सगळं पाणी अभयारण्य आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग, शेजारचं पद्मगड बेट आणि पाण्याखालची खडपं धरून आखलेला. बाकीचा २५.९४ चौरस किलोमीटर म्हणजे गाभ्याभोवतीचं कडं. बंदराजवळ या कड्याची हद्द किनाऱ्यापासून जेमतेम पन्नास मीटरवर येते. म्हणजे होडी पाण्यात ढकलून चार वल्ही मारली, की कोळी अभयारण्यात.

आता ही हद्द दाखवा, असं मी किनाऱ्यावर म्हणालो, तर लोक हसले. जंगलात निदान चुन्याचा दगड असतो, फलक असतो, चौकीचा आडवा बांबू असतो. इथं पाणी. कागदावर अक्षांश-रेखांश आहेत, पण वल्हं मारणाऱ्या माणसाला दिसेल असं काही नाही. मालवणच्या मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजानं या अभयारण्याला पहिल्या दिवसापासून विरोध केला. मासेमारी कधी पूर्ण बंद झाली नाही आणि बंद होईल ही धास्तीही कधी गेली नाही. जवळपास चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे.

विरोधामागचं कारण कायद्यातच सापडतं. वन्यजीव कायदा १९७२चा, आणि तो जमिनीकडे बघून लिहिलेला. वाघ, सांबर, गवा, त्यांचं रान, त्या रानातले लोकांचे हक्क, हे त्याचं जग. समुद्राचा विचार त्यात नंतर आला. १९९१च्या दुरुस्तीत अशी तरतूद झाली, की प्रादेशिक समुद्रात अभयारण्य करायचं तर हद्द नौदलाच्या जलालेखन विभागाच्या मुख्याधिकाऱ्यांशी बोलून ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी व्यवस्था आधी करावी. तरतूद चांगली आहे. पण मालवणची रेघ तिच्या चार वर्षं आधीच मारून झाली होती.

पुढे २००२च्या दुरुस्तीनं ‘समूह राखीव क्षेत्र’ हा नवा प्रकार आणला. गावकऱ्यांनी स्वतः राखायचं आणि सरकारनं त्यावर शिक्का मारायचा. पण तो खासगी किंवा समूहाच्या मालकीच्या जमिनीपुरता. समुद्राचा सातबारा गाबितांच्या नावावर कुठून असणार? पिढ्यान् पिढ्या ते ज्या पाण्यावर जगले, ते कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं नाहीच.

रापण

मालवणचा कोळी कसा मासे धरतो, हे पाहिल्याशिवाय हा वाद कळत नाही. मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात रापण ओढली जाते. होडीत शेकडो मीटर लांबीचं जाळं चढवतात. दोराचं एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात राहतं. होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक लांबवर पुन्हा किनाऱ्याला आणते. मग दोन रांगा लागतात. टाचा वाळूत रोवायच्या, पाठ समुद्राकडून किनाऱ्याकडे कलती करायची आणि ओढायचं. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो आणि पाण्यात जाऊन पुढे धरतो. रांग अशी सरकत राहते. दोन-तीन तास. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे येतात आणि शेवटी जाळ्याचं पोट वाळूवर लागतं. बांगडा, पेडवे, तारली, कधी सौंदाळे, कधी नुसतीच जेलीफिश आणि शेवाळ.

मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. म्हातारी माणसं ओढतात, शाळेतून आलेली पोरं ओढतात. लिलाव वाळूवरच होतो आणि टोपली उचलते ती बाई. मासळी बाजारात बसवण्याचं, भाव सांगण्याचं आणि उधारी वसूल करण्याचं काम तिचं. धरलेल्या माशाचा पैसा घरात येतो तो तिच्या कमरेच्या पिशवीतून.

रापण हे काही निर्मळ जाळं नाही. त्यात बारकी पिल्लंही येतात. पण ती किनाऱ्यापासून फार दूर जाऊ शकत नाही, माणसांच्या दमाएवढीच ओढली जाते आणि तिचा वाटा पन्नास घरांत जातो. एका दिवसाला, एका वाळूवर, एवढंच ती घेऊ शकते. मर्यादा तिच्या अंगातच आहे.

ज्याच्या अंगात ती नाही, ते जाळं दुसरं आहे. ट्रॉलर तळ खरवडत जातो. पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याभोवती भिंत उभी करतं आणि खालची दोरी आवळून बटव्यासारखं मिटतं. एलईडीच्या झोतानं रात्री मासा वर खेचला जातो. राज्य सरकारनं डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. राज्याच्या सागरी हद्दीत, म्हणजे बारा सागरी मैलांत, जानेवारी ते ऑगस्ट पर्ससीनला बंदी आणि परवान्यांची संख्या ४९४ वरून टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायची. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्रानं एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्यानं १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा दुरुस्त करून दंड लाखांत नेला. आदेश कमी नाहीत. गस्तीची बोट किती, ती निघते कधी आणि पकडलेली नौका सुटते कधी, हे प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर रोज विचारले जातात.

पारंपरिक मच्छीमार ज्या बंदीसाठी रस्त्यावर उतरले, ती समुद्र वाचवण्याचीच बंदी होती. हेच लोक अभयारण्याला विरोध करतात. विसंगती वाटते, पण नाही. जी बंदी मोठ्या यंत्राला आवरते ती त्यांना हवी, आणि जी वल्ह्याच्या होडीवर पहिली पडेल तिची त्यांना भीती. शेजारी गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध असंच आंदोलन केलं आणि त्यातून १९८०चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र राखायचं कुणी शिकवावं लागत नाही. त्याला विचारावं लागतं.

पाण्याखाली

मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नव्हतं. लक्षद्वीप-अंदमानात प्रवाळ असतं, महाराष्ट्राच्या गढूळ किनाऱ्यावर कुठलं, असा समज. १९७९च्या सुमारास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रत्नागिरी ते मालवण पट्ट्यात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपांवर प्रवाळाची नोंद केली. पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी या पाण्याखाली वर्षानुवर्षं काम केलं, स्थानिक तरुणांना डुबकी मारून प्रवाळ दाखवायला शिकवलं आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं.

प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याचं पोट चालतं ते त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर. शैवाल उन्हावर अन्न शिजवतं आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच राहिलं, की हा भाडेकरू बाहेर पडतो. प्रवाळ पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परततं; नाही तर प्रवाळ उपाशी मरतं. २०१४ नंतर मालवणचं प्रवाळ असं पुनःपुन्हा पांढरं पडल्याच्या नोंदी आहेत. कागदावरची कुठलीही हद्द पाण्याचं तापमान अडवू शकत नाही.

अडवता येण्यासारखं दुसरं होतं. स्कूबाचं नाव झालं आणि पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या मालवणला वळल्या. दिवाळीपासून मेपर्यंत गर्दी. होड्यांना इंजिनं लागली, घरांच्या खोल्या न्याहारी निवास झाल्या. मासे कमी झालेल्या घरात या पैशानं शिक्षणं झाली, कर्जं फिटली. ते नाकारून चालणार नाही. पण तासाभराचं शिकवणं घेतलेला पर्यटक पाण्याखाली प्रवाळावर पाय देतो, फोटोसाठी हातानं धरतो, आणि त्याच खडपावर नांगर पडतो. शतकभर वाढलेला प्रवाळाचा गोळा एका नांगरानं फुटतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मालवण अभयारण्यातल्या या नुकसानीवर शोधनिबंध लिहिला आणि त्यात जबाबदारी कुणाचीच नसण्यावर बोट ठेवलं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नाव उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा नियम कुणी पाहायचे, हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही तसाच पुढे आला.

म्हणजे ज्या कुरणातून गाबिताची दोन गुरं बाहेर काढायची भाषा होती, त्यात पाहुण्यांचा कळप चरत होता.

जग काय सांगतं?

राखलेल्या समुद्रात मासा वाढतो, याबद्दल शंका नाही. न्यूझीलंडमध्ये ली (Leigh) इथं १९७५ मध्ये मासेमारी पूर्ण बंद असलेलं राखीव पाणी जाहीर झालं. अशा प्रकारचं ते जगातलं अगदी सुरुवातीचं. मेक्सिकोत काबो पुल्मो या छोट्या मच्छीमार वस्तीनं १९९५ मध्ये आपल्या पुढ्यातलं पाणी राष्ट्रीय उद्यान करून घेतलं आणि जाळी गुंडाळली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं.

असं का होतं, ते समजायला कुरणाचा दाखला पुरतो. बी धरायला गवत उभं राहिलं पाहिजे. तसा मासा मोठा झाला पाहिजे. मोठी मादी लहान मादीपेक्षा नुसती वजनाच्या प्रमाणात जास्त अंडी देत नाही, कितीतरी पट देते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातलं उदाहरण आहे: ३० किलोची एक कॉड मादी २ किलोच्या २८ माद्यांएवढी अंडी देते. जाळ्यात आधी सापडतात त्या मोठ्याच. त्यांना कुठेतरी म्हातारं होऊ द्यायचं, तर चार खडपं त्यांच्यासाठी सोडावी लागतात. तिथली अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर येतात, मोठे मासेही हद्द ओलांडून येतात, आणि बांधावर जाळं टाकून बसलेल्याला लाभ होतो.

पण कुठलंही राखीव पाणी हे करतंच, असं नाही. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरातल्या ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास आला. पाच गुण तपासले होते: मासेमारी पूर्ण बंद आहे का, राखण चोख आहे का, दहा वर्षं उलटली आहेत का, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे का, आणि खोल पाण्यानं किंवा वाळूनं ते बाकीच्यांपासून वेगळं पडलं आहे का. ज्यांच्यात चार-पाच गुण होते, तिथं मासा भरभरून होता. पण ५९ टक्के क्षेत्रांत एक किंवा दोनच गुण निघाले, आणि तिथल्या आणि राजरोस मासेमारी चालणाऱ्या पाण्यात काही फरकच दिसला नाही. मालवणला या कसोटीवर लावा. वय आहे. बाकी चार रकान्यांत काय लिहायचं?

काबो पुल्मोबाबत दुसरी गोष्ट लक्षात घ्यायची: तिथं जाळी गुंडाळणारे आणि निर्णय घेणारे एकच होते. फिलिपिन्समधल्या आपो बेटाची कथाही तीच. १९८२ मध्ये जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांच्या सल्ल्यानं बेटावरच्या कोळ्यांनी प्रवाळाचा एक लहानसा तुकडा स्वतः राखला. पहारा त्यांचाच होता. तुकडा छोटा होता, पण राखण पक्की होती, आणि तो जगभरच्या अभ्यासकांना दाखवायचा नमुना झाला. १९९४ मध्ये ते क्षेत्र राष्ट्रीय व्यवस्थेखाली गेलं. तेव्हापासून पर्यटकांच्या शुल्काचा पैसा सरकारी वाटेनं फिरून बेटावर यायला वेळ लागू लागला आणि निर्णयाची खुर्ची बेटाबाहेर गेली. आपल्याकडे तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात १९८६ साली २१ बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा पिढ्यान् पिढ्या बेटांजवळ डुबकी मारून शेवाळ गोळा करणाऱ्या बायका आपल्याच पाण्यात घुसखोर ठरल्या.

माशांची संख्या मोजणं त्यामानानं सोपं. किनाऱ्यावरच्या माणसाचं बरं चाललंय का, हे कशानं मोजायचं? जाळ्यातल्या किलोंनी? तर मग लांब जायला जाळलेल्या डिझेलचं काय? पगारानं? तर सीझनला होडीवर पाहुणे फिरवणारा पोरगा पावसाळ्यात रिकामा बसतो, त्याचं काय? टोपली घेऊन बसणारी बाई या हिशेबात असते का? आणि अधिकाऱ्यासमोर उभं राहताना माणसाची मान खाली असते की वर, हेही सुखात मोजायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं, की २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. टक्केवारी गाठायला नकाशावर रेघा मारणं फार सोपं आहे. मालवणनं ते १९८७ मध्येच दाखवून दिलं.

न रेघ मारता राखलेलं

सिंधुदुर्गातच दुसरी वाट दिसते. २०१२च्या पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानं या किनाऱ्यावर प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आस, म्हणजे चौकोनी छिद्रांची वीण, लावायचा प्रयोग झाला. नेहमीची आस ओढ बसली की मिटते. चौकोनी उघडी राहते आणि बारकं पिल्लू निसटतं. त्यात मासेमारी थांबवायची नव्हती, फक्त जाळं बदलायचं होतं. वेंगुर्ल्याजवळ मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कालपर्यंत ज्या झाडाचं मोल जळणाएवढं होतं, ते आज उभं राहून पैसे देतं.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्यानं एक साधी योजना आणली. जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी मोरी असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून तो सोडला, तर फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. सोडल्याचा फोटो किंवा चित्रफीत द्यायची. या योजनेचा गाभा असा, की कोळ्याच्या हातात विळा आहे आणि जाळं त्याचं आहे, हे सरकारनं आधी मान्य केलं. त्याला आरोपी न धरता राखणदार धरलं. त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या गावकऱ्यांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर २००२ पासून कासवांची अंडी राखायला घेतली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवला. पूर्वी जी अंडी खाल्ली-विकली जात, त्यांतून निघणारी पिल्लं बघायला आज लोक गावात मुक्काम करतात.

आणि त्याहूनही जुनं काही आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे आहेत; तिथं कुणी गळ टाकत नाही. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वरापुढच्या डोहात तसंच. खुद्द सिंधुदुर्गात, आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ झालं. कुंड देवाचं म्हणून मासा शाबूत राहिला, शास्त्रज्ञ नंतर आले. भीती देवाची असो की दंडाची, राखण टिकते ती गावाला पटली तरच.

घरची गोष्ट

हे सगळं पाहून परत आलो, तर आमच्याच दारात तेच. काटेपूर्णा धरणाभोवती अकोला-वाशीमच्या सीमेवर १९८८ मध्ये अभयारण्य झालं, ७३.६९ चौरस किलोमीटरचं. कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, १८.३२ चौरस किलोमीटरचं. आमचा शेतकरी रात्री शेतात जागलीला जातो. टिनाचा डबा वाजवतो, मशाल फिरवतो. रोही आणि हरणं हरभरा खातात, आणि त्या नुकसानीचा पंचनामा मिळवायला त्याला चार चकरा माराव्या लागतात. हरीण जगावं, असं त्यालाही वाटतं. फक्त हरणाचा खर्च एकट्याच्या अंगावर का, एवढं तो विचारतो. मालवणच्या गाबिताचा सवाल तंतोतंत हाच आहे.

विदर्भाकडे उत्तरही आहे. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत मासे घटले, तेव्हा मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाच्या जाणत्या माणसांना विचारलं, की पूर्वी तलावात काय होतं. त्यांनी पाणवनस्पतींची नावं सांगितली. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, ते सांगितलं. मग बायकांनी तलावातली बेशरम उपटली, गाळपेरात देशी पाणवनस्पती लावल्या, आणि नाहीसे झालेले देशी मासे आणि पक्षी परतू लागले. तिथं तज्ज्ञ होता तो मच्छीमार आणि राखणदारही तोच.

म्हणून मालवणबद्दल माझं मत सांगतो. अभयारण्य मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. ते मोडलं तर पहिला लाभ रापणकाराचा होणार नाही, मोठ्या नौकेचा आणि बांधकामाचा होईल. पण १९८७ची रेघ तशीच ठेवून चालणार नाही. रापणकार संघ, गरीवाले, मासळी विकणाऱ्या बाया आणि डुबकीवाले पोरगे यांना बसवून ती पुन्हा आखावी लागेल. थोडी खडपं खरोखर पूर्ण सोडायची. कुठली, ते त्यांनी दाखवायची. त्यांवर तरंगती खूण लावायची, म्हणजे वल्हं मारणाऱ्याला दिसेल. नांगर टाकायला पक्के बोये बसवायचे. कड्यात रापणीचा हक्क कागदावर लिहून द्यायचा. पर्यटकाच्या तिकिटातला वाटा, रापणीच्या वाट्यासारखा, वाळूवरच वाटायचा. आणि गस्तीची बोट आधी झोतवाल्यामागे न्यायची, नंतर होडीमागे.

राहता राहिलो आपण, समुद्रापासून साडेचारशे किलोमीटरवरचे गिऱ्हाईक. २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींच्या सागरी जिवांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर. बोंबील १८० मिलिमीटर. आमच्या बाजारातला बोंबील मालवणचा नसतो. मुंबई-पालघरकडे डोल जाळ्यात येतो, वलांडीवर वाळतो आणि पोत्यातून इथवर पोचतो. पण नियम त्यालाही लागू आहे, आणि तो मोजायला आपल्याकडे गस्तीची बोट लागत नाही. १८० मिलिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या वितीला दोन बोटं कमी. वाळताना मासा थोडा आखडतो, तेवढी सूट द्या. पुढच्या बाजाराला पालापुढे बसलात, की भाव करायच्या आधी एक बोंबील वितीनं मोजून बघा. करंगळीएवढ्यांची रास स्वस्त मिळत असेल, तर ती घेऊ नका.